फोटोतला ठिपका किती लांबचा, हे कळतं कसं?

जेम्स वेब दुर्बिणीचा एखादा डीप फील्ड फोटो, म्हणजे आकाशाच्या एकाच तुकड्याकडे खूप वेळ बघून घेतलेला फोटो, मोबाईलवर उघडून झूम करत गेलं की हजारो ठिपके दिसायला लागतात, काही पांढरे, काही पिवळट, काही चपट्या चकतीसारखे, आणि कुठेतरी कोपऱ्यात एक अगदी बारीक लालसर ठिपका, ज्याच्याबद्दल बातमीत लिहिलेलं असतं की ही १३५० कोटी वर्षांपूर्वीची दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा संसार. मला अशा बातम्या वाचताना कायम एकच प्रश्न पडायचा, की हे कळलं कसं? फोटोत तर सगळं एकाच कागदावर चिकटवल्यासारखं असतं. अंधुक म्हणजे लांबचं म्हणावं तर जवळची छोटी दीर्घिकाही अंधुकच दिसते, आणि लाल म्हणजे लांबचं म्हणावं तर धुळीने भरलेली दीर्घिकासुद्धा लालच दिसते. मग अंतर कुठून आलं?

या एका प्रश्नाच्या मागे लागलं ना, की दूरच्या दीर्घिकांवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ दिवसभर नेमकं करतात काय हे बऱ्यापैकी समजतं. सुंदर फोटो हा त्या कामाचा फक्त पहिला टप्पा आहे.

सुरुवात १९९५ पासून करू. हबल दुर्बीण १९९० च्या एप्रिलमध्ये वर गेली, तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड घासताना सुमारे २ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चुकली होती म्हणून सुरुवातीचे फोटो धूसर यायचे, आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन ती दुरुस्त केली. त्यानंतर दोन वर्षांनी रॉबर्ट विल्यम्स यांनी एक निर्णय घेतला. ते तेव्हा हबलचं काम बघणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचे संचालक होते आणि संचालकाच्या हातात दुर्बिणीचा थोडा वेळ स्वतःच्या मर्जीने वापरायला असतो. तो वेळ त्यांनी आकाशाच्या अशा तुकड्यावर लावला जिथे काहीच नव्हतं. सप्तर्षींच्या भागातला हा तुकडा म्हणजे शंभर मीटरवर धरलेला टेनिसचा चेंडू दिसेल तेवढाच, आणि मुद्दाम निवडलेला, जवळचे तेजस्वी तारे नकोत म्हणून. काहीजणांनी आधीच सांगितलं होतं की एवढा मोलाचा वेळ रिकाम्या जागेवर घालवू नका, हाताला फार काही लागणार नाही. १८ ते २८ डिसेंबर असे दहा दिवस हबल तिकडेच बघत राहिली, ३४२ एक्स्पोजर घेतली, ती एकावर एक रचली आणि त्या रिकाम्या जागेत जवळजवळ ३,००० दीर्घिका निघाल्या. मला हा सगळा प्रकार अजूनही विलक्षण वाटतो, कारण त्या माणसाने स्वतःच्या संशोधनाला वेळ न देता तो वेळ सगळ्यांसाठी वापरला आणि डेटा लगेच जगाला खुला करून टाकला.

पण फोटो आला तरी अंतर आलं नव्हतंच. ३,००० ठिपके आले, बस. त्यातल्या कुठल्या ठिपक्याचा प्रकाश किती जुना, हे ठरवायला हवाईमधल्या केक दुर्बिणीसारख्या जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी लावाव्या लागल्या.

आता मूळ गोष्ट. विश्व प्रसरण पावतंय हे आपण ऐकलेलं असतं, पण त्याचा प्रकाशावर काय परिणाम होतो ते नीट बघू. एखाद्या दीर्घिकेतून प्रकाशाची लाट निघाली आणि ती आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागली, तर त्या सगळ्या काळात ती ज्या अवकाशातून चाललीय ते अवकाशच ताणलं जात असतं, आणि त्याबरोबर लाटसुद्धा ताणली जाते. जितका लांबचा प्रवास तितका जास्त ताण. लाट लांबली की प्रकाश निळ्याकडून लाल रंगाकडे सरकतो म्हणून याला रेडशिफ्ट म्हणतात, मराठी पुस्तकांत ताम्रसृती. रेडशिफ्टचा आकडा १४ असेल तर लाट १५ पट लांब झालीय असं समजायचं, म्हणजे आकड्यात एक मिळवायचा, इतकं सोपं आहे ते.

पण लाट १५ पट ताणलीय हे कळायला ती मुळात किती लांब होती हे माहीत हवं ना. ही मदत हायड्रोजन करतो. हायड्रोजनचा अणू १२१.६ नॅनोमीटर लांबीच्या लाटेचा प्रकाश (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) फार आवडीने गिळतो, आणि हा आकडा जगात कुठेही बदलत नाही, प्रयोगशाळेतही तोच आणि विश्वाच्या टोकालाही तोच. विश्व अगदी लहान होतं तेव्हा दीर्घिकांच्या मधल्या जागेत सगळीकडे हायड्रोजनचं धुकं पसरलेलं होतं, त्यामुळे तेव्हाच्या दीर्घिकेतून निघालेला १२१.६ पेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतच संपला, आपल्यापर्यंत जवळपास काहीच पोचलं नाही. म्हणजे त्या दीर्घिकेच्या प्रकाशात एक कडा तयार होते. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला काळोख, मध्ये जणू सुरीने कापल्यासारखी रेघ. ही कडा आज कुठे दिसते ते मोजलं की लाट किती ताणली गेली ते कळतं.

हिशोब करून बघा. रेडशिफ्ट १०.६ असेल तर १२१.६ ला ११.६ ने गुणायचं, साधारण १४१० नॅनोमीटर, म्हणजे १.४१ मायक्रॉन. आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतच दिसतं, म्हणजे जो प्रकाश निघताना अतिनील होता तो पोचेपर्यंत इन्फ्रारेड झालेला असतो. आणि हबलची दृष्टी १.७ मायक्रॉनच्या आसपास संपते. जीएन-झेड११ नावाची दीर्घिका, जिचं रेडशिफ्ट आता १०.६ पक्कं झालंय, ती हबलला दिसली ती जेमतेम या मर्यादेच्या आत होती म्हणून. रेडशिफ्ट १४ ची कडा १.८ मायक्रॉनच्या पुढे जाते, म्हणजे हबलने तिथे महिनोन्‌महिने टक लावून बघितलं असतं तरी तिच्या हाताला काही लागलं नसतं.

वेब दुर्बीण बांधायचं मोठं कारण हेच. २५ डिसेंबर २०२१ ला ती निघाली, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन बसली, १८ षटकोनी तुकड्यांचा ६.५ मीटरचा आरसा, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा कारण सोनं इन्फ्रारेड फार छान परावर्तित करतं. टेनिस कोर्टाएवढा पाच पदरी पडदा तिला सूर्यापासून झाकतो, त्याच्या सावलीत आरसा उणे २२० अंशांच्याही खाली थंड राहतो. इतकं थंड का, तर कुठलीही गरम वस्तू स्वतःच इन्फ्रारेड प्रकाश सोडते, आणि दुर्बीणच चमकत असेल तर १३०० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेले मूठभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, त्या चमकीत हरवून जातील. जमिनीवरून हे काम का नाही जमत त्याचंही उत्तर यातच आहे, आपली हवा इन्फ्रारेडचा मोठा भाग शोषते आणि उरलेल्या भागात स्वतःच चमकते.

बरं, मग ठिपका शोधायचा कसा? वेबच्या कॅमेऱ्याचा प्रत्येक फोटो एकाच फिल्टरमधून घेतलेला आणि काळापांढराच असतो, आपण बघतो ते रंग नंतर फिल्टरप्रमाणे दिलेले असतात. तर संशोधक एकाच जागेचे वेगवेगळ्या फिल्टरमधले चौकोनी तुकडे कापून ओळीने मांडतात, ०.९ मायक्रॉन, १.१५, १.५, २, २.७७, ३.५६, ४.४४. आणि मग त्या पट्टीत बघतात. जवळची दीर्घिका सातही चौकोनांत दिसते. आपल्याला हवी ती दीर्घिका पहिल्या चौकोनात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नुसती कॅमेऱ्याची खरखर, चौथ्यात काहीतरी आहे असं वाटतं, आणि पाचव्यात एकदम स्पष्ट ठिपका. म्हणजे कडा तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये कुठेतरी. विश्वातल्या सगळ्यात लांबच्या वस्तू अशा सापडतात, त्या कुठे दिसत नाहीत यावरून. अर्थात त्याआधी डेटा साफ करण्याचं कष्टाचं काम असतंच, कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, सेन्सरवर आदळून खोटे ठिपके पाडतात, म्हणून दुर्बीण जराजराशी हलवून तीच जागा परत परत टिपतात, जो ठिपका आकाशाबरोबर सरकतो तो खरा आणि जो सेन्सरच्या त्याच पिक्सेलवर बसून राहतो तो कचरा.

इथे मात्र दिसतं तसं नसतं ही म्हण अगदी शब्दशः लागू पडते. २०२२ च्या जुलैमध्ये वेबचा डेटा यायला लागला आणि काही दिवसांतच सीअर्स नावाच्या सर्व्हेमध्ये एक ठिपका सापडला, नाव सीअर्स-९३३१६. फिल्टरच्या पट्टीवरून त्याचं रेडशिफ्ट १६.४ च्या आसपास निघालं. म्हणजे विश्व फक्त २४ कोटी वर्षांचं असतानाची दीर्घिका. तोवरचा कुठलाही विक्रम याच्या जवळपास नव्हता, आणि शिवाय ती इतकी तेजस्वी होती की एवढ्या कमी वेळात एवढे तारे बनले कसे, असा प्रश्न उभा राहिला.

मग २०२३ मध्ये तिचा स्पेक्ट्रम घेतला. स्पेक्ट्रम म्हणजे वर्णपट, प्रकाश फोडून त्याच्या प्रत्येक छटेत किती उजेड आहे ते बघणं. फिल्टर म्हणजे सात मोठ्या खिडक्या असतील तर स्पेक्ट्रम म्हणजे शेकडो बारीक फटी. आणि स्पेक्ट्रमने सांगितलं की रेडशिफ्ट १६ नाही, ४.९ आहे. म्हणजे विश्व १२० कोटी वर्षांचं असतानाची दीर्घिका, लांबचीच, पण विक्रम वगैरे काही नाही.

झालं होतं काय, तर या दीर्घिकेत भरपूर धूळ होती, धुळीने छोट्या तरंगलांबीचा प्रकाश गिळला, त्यामुळे सुरुवातीचे चौकोन रिकामे दिसले. आणि तिच्यातला तापलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन काही ठराविक तरंगलांबींवर फार जोरात चमकत होते, त्या चमकत्या रेषा ताणल्या जाऊन नेमक्या लांब तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये येऊन पडल्या, त्यामुळे ते चौकोन उजळून निघाले. एकीकडे काळोख आणि दुसरीकडे उजेड, हुबेहूब कड्यासारखं. रेडशिफ्ट ४.९ च्या जराशी इकडे किंवा तिकडे असती तर हा योग जुळलाच नसता.

याच वेळी त्याच सर्व्हेतली आणखी एक दीर्घिका तपासली होती, मेझीज गॅलक्सी म्हणून ओळखली जाते ती, आणि तिचं रेडशिफ्ट ११.४ निघालं, म्हणजे विश्व ३९ कोटी वर्षांचं असतानाची, अंदाज खरा ठरला. दोन्ही निकाल एकाच पेपरमध्ये छापले गेले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या दिवशी एकीचं वय सिद्ध झालं त्याच पानावर दुसरीचा दावा खोडला गेला, आणि ही शंका इतर काही संशोधकांनी आधीच आपल्या पेपरमध्ये नोंदवलेली होतीच.

मग सरळ सगळ्याच ठिपक्यांचा स्पेक्ट्रम का नाही घेत? कारण प्रकाश फोडला की तो शेकडो फटींमध्ये वाटला जातो, प्रत्येक फटीत कणभर येतो आणि मग तासन्‌तास गोळा करत बसावं लागतं. आणि वेबचा वेळ म्हणजे... जगभरातले संशोधक दरवर्षी अर्ज करतात, अर्जावर नाव नसतं, तपासणाऱ्याला कळत नाही की अर्ज नामवंत प्राध्यापकाचा आहे की नुकत्याच पीएचडी झालेल्या मुलीचा. २०२४ मध्ये मागणी उपलब्ध वेळेच्या नऊ पटींपर्यंत गेली होती. म्हणजे नऊ तास मागितले तर एक तास मिळणार, असा साधारण हिशोब.

त्यामुळे एका दमात खूप स्पेक्ट्रम घ्यायची सोय वेबमध्ये केलीय आणि ती मला त्या सगळ्या यंत्रातली सगळ्यात लोभस गोष्ट वाटते. निअरस्पेक नावाच्या उपकरणात जवळपास अडीच लाख सूक्ष्म दारं आहेत, प्रत्येक दार साधारण ०.१ बाय ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-चार केस शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढंच. एक चुंबक त्यांच्यावरून सरकतो, सगळी दारं उघडतो, आणि ज्या दारांना विजेचा दाब दिलाय तेवढीच उघडी राहतात, बाकीची मिटतात. संशोधक आधी फोटोवरून ठरवतात की या १०० एक दीर्घिका हव्यात, मग प्रत्येकीसमोर एकेक दार उघडं ठेवायचं, आजूबाजूच्या हजारो ठिपक्यांचा उजेड बाहेरच अडवायचा. काही दारं अडकलेली आहेत, ती धरून प्लॅन करावा लागतो. एखादा लाडका ठिपका दोन दारांमधल्या भिंतीवर पडला तर दुर्बीण किंचित वळवून सगळी जुळणी परत मांडायची, त्यात दुसराच कोणीतरी भिंतीवर जातो, परत मांडायची. ही जुळणी करण्यात दिवस जातात.

अशाच कष्टातून जेड्स-जीएस-झेड१४-० सापडली. जेड्स या सर्व्हेला वेबचा सुमारे ३२ दिवसांचा वेळ मिळालाय. २०२४ च्या जानेवारीत या एका ठिपक्यावर जवळजवळ दहा तास स्पेक्ट्रम घेतला आणि कडा दिसली ती १.८६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे रेडशिफ्ट १४.३२, विश्व २९ कोटी वर्षांचं असताना. पण कडा जरा धूसर असते, हायड्रोजनचं धुकं तिला थोडं पुढेमागे सरकवू शकतं. २०२५ मध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने याच दीर्घिकेत ऑक्सिजनची एक बारीक रेषा पकडली, आणि रेषा ही कड्यापेक्षा कितीतरी नेमकी असल्याने रेडशिफ्ट १४.१८ असं पक्कं झालं. थोडी अलीकडे आली ती.

पण अंतरापेक्षा त्या ऑक्सिजननेच लोकांची झोप उडवली. महास्फोटात हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम बनलं, ऑक्सिजन बनलाच नाही, तो ताऱ्यांच्या पोटात बनतो आणि तारा मेला की बाहेर पडतो. म्हणजे विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असताना या दीर्घिकेत ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जगून, फुटून गेलेली होती. शिवाय ही १,६०० प्रकाशवर्षांपेक्षा जास्त रुंद आहे, उजेड एका बिंदूतून येत नाही, पसरून येतोय, त्यामुळे तो मुख्यतः ताऱ्यांचाच असावा, मधल्या कृष्णविवराभोवतीच्या झगमगाटाचा नाही.

इथे एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो तो सोडवून टाकतो. या प्रकाशाने १३५० कोटी वर्षं प्रवास केला म्हणजे दीर्घिका आज १३५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे असं नाही. प्रकाश चालत असताना मागची जागाही ताणली गेली, त्यामुळे आज ती जिथे असेल ते अंतर ३३०० कोटी प्रकाशवर्षांपेक्षाही जास्त भरतं. बातम्यांत कधी हा आकडा येतो कधी तो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त कुठला कशाचा ते बघायचं.

कधीकधी निसर्ग स्वतःच दुर्बिणीला हातभार लावतो. शेकडो दीर्घिकांचा एखादा जड समूह वाटेत असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वाकतो आणि भिंगासारखा मोठा होऊन आपल्यापर्यंत येतो. अबेल २७४४ हा असाच एक समूह आहे, आणि त्याच्या दिशेने घेतलेल्या वेबच्या डेटात पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एक सर्पिल दीर्घिका सापडली, तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. विश्व १५० कोटी वर्षांचं असताना तिला दोन नीटस, घडीव बाहू होते. एवढ्या लवकर इतकी शिस्तबद्ध चकती बनू शकते असं फार थोड्यांना वाटत होतं, त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, एकमेकींवर आदळणाऱ्या असतील असाच समज होता.

एकूणच सुरुवातीच्या विश्वात तेजस्वी दीर्घिका अंदाजापेक्षा जास्त निघतायत हे आता नक्की झालंय. महास्फोटाचा सिद्धांत मोडला वगैरे मथळे आले होते तसं काही झालेलं नाही, प्रश्न आहे तो तारे किती वेगाने बनत होते याचा. एक शक्यता म्हणजे तारे तेव्हा सतत न बनता उसळ्या मारून बनत होते आणि आपल्याला उसळीतल्या दीर्घिका जास्त दिसतात, दुसरी शक्यता की वायूचे तारे बनवण्यात त्या आजच्यापेक्षा जास्त तरबेज होत्या, काही ठिकाणी कृष्णविवराचाही उजेड मिसळलेला असेल. मला स्वतःला उसळ्यांची गोष्ट जास्त पटते, पण ठरवायला अजून कितीतरी स्पेक्ट्रम लागतील.

२०२५ मध्ये मॉम-झेड१४ नावाची दीर्घिका जाहीर झाली, रेडशिफ्ट १४.४४, विश्व २८ कोटी वर्षांचं असताना, आणि हा आकडा स्पेक्ट्रमवरून काढलेला आहे. फिल्टरच्या पट्टीवरून याच्याही पलीकडचे वाटणारे ठिपके लोकांच्या यादीत आहेत, काहींच्या पुढे रेडशिफ्ट २० आणि त्याहून जास्त लिहिलेलं आहे. त्या प्रत्येकाच्या नावामागे सध्या उमेदवार हा शब्द लावलेला असतो, आणि कोणीतरी त्यांच्यासमोर एक बारीक दार उघडं ठेवायला वेळ मागणारा अर्ज लिहीत बसलेलं असतं.